कोरड्या दिवसांनंतर: सातारा-सांगलीकडच्या उज्जीवनाची पार्श्वभूमी

सातारा-सांगलीकडच्या मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायांत, उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास पुन्हा जागवण्यासाठी भरणारी सभा, कशी असते, हे इथल्या ख्रिस्ती वाचकाला सांगायला नको. चर्चच्या आवारात मांडव, ओळीने तीन संध्याकाळी, बाहेरगावचे वक्ते, तरुण संघाचा कीबोर्ड आणि ढोलकी, शेवटच्या दिवशी पुढे येऊन केलेलं समर्पण. वर्षभर कोरडं पडलेलं मन या तीन दिवसांत पुन्हा ओलं व्हावं, अशी अपेक्षा असते. काहींचं होतंही. ज्यांचं होत नाही, ते आपल्याच विश्वासात खोट आहे असं समजून घरी जातात. साक्ष द्यायला माइक मिळतो तोही संकटातून बाहेर पडलेल्याला. ज्याच्या घरातलं आजारपण अजून संपलेलं नाही, त्याला पुढे बोलवायचं कुणाला सुचत नाही. हा साचा आला कुठून, आणि याच मुलखात त्याला दुसरी वाट होती का, हे पाहायचं तर शे-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

त्याआधी पवित्र शास्त्राबद्दल थोडं. कर्मेल डोंगरावर बआलाच्या पुजाऱ्यांवर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया दुसऱ्याच दिवसापासून जीव घेऊन पळतो आणि रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. चाळीस दिवसांची चाल त्यानंतर, आणि देवाची ती मंद वाणी तर त्याच्याही नंतर. स्तोत्रसंहितेतल्या विलापाच्या स्तोत्रांत तक्रार आधी आणि स्तुती नंतर येते. ८८ व्या स्तोत्रात तर स्तुतीपर्यंत पोचणंच होत नाही, शेवट अंधारात होतो. आपल्या सभांमध्ये हे स्तोत्र वाचलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

मांडवातल्या सभेचं मूळ परदेशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गावोगावचे लोक तंबू ठोकून काही दिवस एकत्र राहायचे आणि प्रवचनं ऐकायचे. ती पद्धत मिशनऱ्यांबरोबर इकडे आली. लोणावळ्याला अशी शिबिरं भरत, आणि १८९५ च्या शिबिराला पंडिता रमाबाई गेल्या होत्या. पवित्र आत्म्याचा जो अनुभव त्या पुढे सांगत, तो या शिबिरातला. मात्र रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात १८८३ मध्येच झाला होता. त्यानंतरची कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. ही उणीव १८९१ च्या सुमारास भरून निघाली. म्हणजे मधली आठ वर्षं तशीच गेली, आणि त्याच वर्षांत विधवांसाठीचं शारदा सदन उभं राहिलं. काम थांबलं नव्हतं.

केडगावच्या, रमाबाईंच्याच मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जूनमध्ये जे घडलं, त्याची आठवण मराठी मंडळ्यांत अजून सांगतात. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली रात्र-रात्र रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, प्रार्थना करत होत्या. वेल्समधल्या उज्जीवनाची बातमी तेव्हा जगभर पोचली होती. पण केडगावात जानेवारीपासून रोज प्रार्थनेसाठी जमणं चालू होतं आणि जमणाऱ्यांची संख्या वाढत साडेपाचशेपर्यंत गेली होती. सांगताना जूनची रात्र तेवढी सांगितली जाते. जानेवारी ते जून गळून जातो, आणि १८९६-९७ चा दुष्काळ तर त्याहून आधी. तीन दिवसांच्या सभेकडून जूनची अपेक्षा धरणं मला म्हणूनच थोडं अन्यायाचं वाटतं, सभेवरही आणि येणाऱ्यांवरही.

इंग्लंडातल्या केझिक गावी १८७५ पासून दरवर्षी अधिवेशन भरतं. थकलेल्या, निष्फळ झालेल्या ख्रिस्ती माणसांनी पुन्हा आत्म्याने भरावं, हाच त्याचा विषय. रमाबाई तिथे १८९८ मध्ये गेल्या होत्या. दहा वर्षांनी, १९०८ मध्ये, तिथे फ्रँक बुकमन नावाचा अमेरिकन ल्यूथरन पाळक आला. फिलाडेल्फियातल्या मुलांच्या वसतिगृहाच्या समितीशी खर्चावरून भांडण होऊन तो राजीनामा देऊन निघाला होता, आणि समितीच्या सहा जणांविषयीचा राग काही केल्या जात नव्हता. एका लहानशा प्रार्थनागृहात क्रुसाविषयीचं जेसी पेन-लुईस यांचं प्रवचन ऐकल्यावर त्याने सहाही जणांना माफी मागणारी पत्रं लिहिली. त्याच बुकमनने पुढे उभारलेल्या ‘मॉरल री-आर्मामेंट’ या नैतिक परिवर्तनाच्या चळवळीचं भारतातलं केंद्र १९६८ मध्ये सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या एशिया प्लॅटो इथे उघडलं. केंद्र सर्व धर्मांच्या लोकांसाठी आहे. सकाळी काही वेळ गप्प बसून आतला आवाज ऐकायचा आणि सुचलेलं वहीत लिहायचं, ही तिथली सवय बुकमनच्याच शिकवणीतली. पाचगणीला सहलीला जाणाऱ्यांपैकी किती जणांना याची मुळं एका चिडलेल्या पाळकाच्या सहा पत्रांपर्यंत पोचतात हे माहीत असेल, कोण जाणे.

मिरजेत उज्जीवनाने सभेपेक्षा कामाचं रूप घेतलं. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये आले. मिरजेचं रुग्णालय १८९४ चं, आणि वैद्यकीय शिक्षण त्यानंतर तीनच वर्षांनी सुरू झालं. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. क्षयावर नेमकं औषध नव्हतं त्या काळात उपचार म्हणजे महिनोन् महिने खाट, मोकळी हवा आणि पोटभर अन्न. एलीयाला मिळालं तेच.

आता साताऱ्याकडे. छत्रपतींचं राज्य कंपनीने खालसा केल्यावर १८४९ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने इथे ठाणं केलं. शाळा, दवाखाना, वाईपर्यंतचं काम असं सगळं रीतसर चालू होतं. पण या गावाला मराठी ख्रिस्ती इतिहासात जी जागा आहे, ती १९१७ नंतरच्या जेमतेम दोन वर्षांमुळे.

कवी नारायण वामन टिळक तेव्हा पंचावन्नच्या पुढे होते. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा, मुंबईतला. त्यापायी घर तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई चार-पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे नगरला शिकवणं, पदं रचणं, १९१२ पासून मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादन. बाहेरून पाहिलं तर सगळं मार्गी लागलेलं होतं. मिशनचा पगार, मान, विद्यार्थी, प्रसिद्धी, कशाचीच वाण नव्हती. आत मात्र अस्वस्थता वाढत होती. ख्रिस्त आपला आणि त्याच्याकडे जाण्याची रीत परक्यांची, हे त्यांना सोसेना. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं म्हणणारा हा माणूस. त्याच्या थकव्याला मिशनच्या बंगल्यात इलाज नव्हता.

१९१७ च्या सप्टेंबरात त्यांनी संन्यास घेतला, मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात आश्रम मांडला. त्याला नाव दिलं ‘देवाचा दरबार’. दरबारात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती आणि न झालेल्यांनाही. ख्रिस्ताला गुरू मानलं की पुरे. मिशनमधल्या काहींना हे रुचलं नाही, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. बाप्तिस्म्याची किंमत स्वतःच्या घरादाराने मोजलेली माणसं त्याच मंडळ्यांत बसलेली होती. ती अट सैल करणारा पुन्हा तीच किंमत मोजलेला टिळक असावा, याचं त्यांना कोडं पडलं असणार. सज्जनगडाजवळच्या गावात एका ख्रिस्ती कवीने संन्यासी म्हणून राहावं, हेही दोन्ही बाजूंच्या लोकांना पचायला जडच.

संन्यासाने दुःख संपलं, असंही झालं नाही. ज्याला त्यांनी नगरला मुलासारखं घरात ठेवून घेतलं होतं, तो बालकवी ठोंबरे ५ मे १९१८ ला रेल्वेखाली सापडून गेला. स्वतः टिळकांची तब्येत ढासळत होती. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं, आणि दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. संस्था म्हणून मोजलं तर हा प्रयोग फसला असंच म्हणावं लागेल. टिकली ती पदं. पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. पाट्या बदलल्या तरी ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातून टिळक गायले जातच राहिले. खेड्यातल्या घरसभेत टाळ-पेटीवर जे चालतं, ते मांडवातल्या सभेपेक्षा दरबाराच्या जवळचं आहे. तिथे कुणी वक्ता नसतो, ज्याला रडू येतं तो गाताना रडतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जमायचं असतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपलीकडे गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. चिखल उपसून होतो न होतो तोच २०२० चा मार्च आला, आणि त्या वर्षीचा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) व ईस्टर चर्चची दारं बंद असतानाच गेले. मोबाइलवर उपासना झाली, अंत्यविधीला मोजकी माणसं आली. त्यानंतर उज्जीवन सभा पुन्हा भरू लागल्या आहेत, मांडव मोठे झाले आहेत. चर्चला येणं सुटलेल्या कुटुंबाच्या दाराशी जाऊन बसणं, जेवणाचा डबा पोचवणं, एखादं पद म्हणून परत येणं हे काम मात्र बहुतेक ठिकाणी महिला मंडळावर सोडलेलं दिसतं, आणि अहवालात त्याची ओळही नसते.

लक्ष्मीबाईंचंही असंच थोडं झालं. टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं ख्रिस्तचरित्राचं काव्य सुरुवातीच्या दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. शाळेत न शिकलेल्या या बाईंनी वैधव्यात पुढचे ६४ अध्याय लिहिले.