जुळवणी, उत्पादन परिव्यय आणि अंदाजपत्रक यांची शालेय उदाहरणे

जुळवणी, उत्पादन परिव्यय (वस्तू बनवायला येणारा खर्च) आणि अंदाजपत्रक ही लेखाकर्म विषयात वरच्या इयत्तांना सोडवायला दिली जाणारी तीन प्रकारची उदाहरणे. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी (खात्यांची वही), तेरीज (खात्यांच्या शिल्लकांची यादी) आणि अंतिम लेखे यांची ओळख झाल्यावर ती येतात. तोवर विद्यार्थी व्यवहार नोंदवायला शिकलेला असतो. इथे मात्र नोंदी आधीच केलेल्या असतात आणि त्यांची उलटतपासणी करायची असते. तिन्ही प्रकारांचे तक्ते वेगळे, शब्द वेगळे, म्हणून ते तीन स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकवले जातात. प्रत्यक्षात काम एकच आहे: एकाच गोष्टीबद्दलचे दोन आकडे समोरासमोर ठेवायचे आणि त्यांच्यातल्या फरकाचा कारणवार हिशेब द्यायचा. जुळवणीत हे दोन आकडे दोन वह्यांतून येतात. उत्पादन परिव्ययात एका बाजूला कारखान्यात शिरलेला माल आणि श्रम असतात, दुसऱ्या बाजूला बाहेर पडलेल्या वस्तू. अंदाजपत्रकात ठरवलेले आणि घडलेले असे दोन आकडे असतात.

ताडून पाहण्याची ही रीत जुनी आहे. १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापल्या गेलेल्या ग्रंथात इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी दुहेरी नोंद पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याच्या रीतीचे वर्णन केले. त्यात एकाने रोजकीर्द वाचायची, दुसऱ्याने खतावणीत ती नोंद शोधायची आणि दोघांनी खूण करत पुढे जायचे, अशी तपासणीची पद्धतही सांगितली आहे. परिव्ययाच्या बाबतीत इंग्लंडमधील कुंभकाम-उद्योजक जोसाया वेजवुड यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. १७७२ च्या आर्थिक पेचप्रसंगात माल पडून राहू लागला, तेव्हा त्यांनी एकेका वस्तूला नेमका किती खर्च येतो हे काढायला घेतले. काही खर्च उत्पादन कमी झाले तरी कमी होत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. त्याच छाननीत त्यांच्या कार्यालयातली अफरातफरही बाहेर आली. उद्योगांच्या अंदाजपत्रकीय नियंत्रणाची शिस्तबद्ध मांडणी त्या मानाने अलीकडची असून जेम्स मॅकिन्झी यांचे त्यावरील पुस्तक १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

बँक जुळवणी

व्यवसायाचे रोख पुस्तक आणि बँकेचे खातेपत्रक यांत एकाच पैशाची नोंद होते, पण दोन्हीकडे बाजू उलट असतात. व्यवसायाच्या दृष्टीने बँकेतील पैसा ही मालमत्ता, म्हणून शिल्लक नावे बाजूला. बँकेच्या दृष्टीने ते ग्राहकाचे देणे, म्हणून तीच शिल्लक जमा बाजूला. खातेपत्रकात नावे शिल्लक दिसली तर तो अधिकर्ष, म्हणजे खात्यात होते त्याहून जास्त काढलेले पैसे, समजायचा. एवढे पक्के नसेल तर पुढचे सगळे घोकावे लागते.

फरकाची कारणे दोन गटांत मोडतात आणि सगळे उदाहरण या विभागणीवर उभे असते. पहिला गट बँकेला ठाऊक असलेल्या, पण रोख पुस्तकात न आलेल्या गोष्टींचा: बँकेचे शुल्क, व्याज, ग्राहकाने थेट खात्यात भरलेली रक्कम, न वटता परत आलेला धनादेश. रोख पुस्तकातली स्वतःची चूकही याच गटात येते. या सर्वांसाठी रोख पुस्तकात नोंद करावीच लागते. दुसऱ्या गटातल्या गोष्टी व्यवसायाने नोंदवलेल्या असतात, पण बँकेपर्यंत पोहोचलेल्या नसतात. दिलेले पण अजून बँकेत न आलेले धनादेश आणि अद्याप जमा न झालेला भरणा हे त्यातले मुख्य. बँकेकडून झालेली चूकही इथेच. यांची पुन्हा नोंद करायची नसते, ती जुळवणी पत्रकात फक्त दाखवायची असतात.

समजा, रोख पुस्तकाची शिल्लक ४८,६०० आहे आणि खातेपत्रक ५३,५१० दाखवते. शुल्क ३५०, थेट जमा २,५००, न वटलेला धनादेश १,८२०. शिवाय ४६० चा एक धनादेश रोख पुस्तकात चुकून ६४० असा लिहिला गेला आहे. ३५० आणि १,८२० वजा, २,५०० आणि १८० मिळवले की रोख पुस्तकाची दुरुस्त शिल्लक ४९,११० येते. आता खातेपत्रकाच्या ५३,५१० मध्ये जमा न झालेला ४,८०० चा भरणा मिळवा आणि न आलेले ९,२०० चे धनादेश वजा करा. तिथेही ४९,११०. ताळेबंदात जाणारी रक्कम हीच. खातेपत्रकातला आकडा ताळेबंदात नेणे ही नेहमी आढळणारी चूक.

वरच्या उदाहरणातला १८० चा फरक मुद्दाम निवडला आहे. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो, कारण दहा पट स्थानावरचा अंक एक पट स्थानावर गेल्याने त्याच्या नऊपट रक्कम सरकते. एखादी रक्कम उलट बाजूला लिहिली गेली, तर फरक त्या रकमेच्या दुप्पट असतो, म्हणून फरकाची निम्मी रक्कम वहीत शोधावी. या दोन खुणा शिकवल्या जातात तिथे मुले आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. माझ्या मते प्रत्येक वर्गात त्या पहिल्याच तासाला सांगितल्या पाहिजेत.

मागच्या महिन्याचे जुळवणी पत्रक हा उदाहरणातला सर्वांत दुर्लक्षित कागद. त्यात न आलेला म्हणून दाखवलेला धनादेश या महिन्याच्या खातेपत्रकात दिसला तर तो विषय संपला. दिसला नाही तर तो पुन्हा दाखवावा लागतो, आणि त्याची मुदत उलटली असेल तर रोख पुस्तकात तो रद्द करावा लागतो. ही मुदत काही देशांत ३ महिने, काही ठिकाणी ६ महिने आहे.

भरण्याबाबतचा प्रश्न अधिक गंभीर. महिनाअखेरीला केलेला भरणा दुसऱ्या दिवशी जमा झाला, तर त्यात वावगे काही नाही. पण १२ तारखेला भरल्याची नोंद असलेली रोकड ३१ तारखेपर्यंत बँकेत पोहोचत नसेल, तर ती वाटेत नाही, कोणाच्या तरी हातात आहे. एका ग्राहकाची रोकड वापरायची, मग दुसऱ्या ग्राहकाच्या पैशातून पहिल्याचे खाते भरायचे, हा अफरातफरीचा जुना प्रकार अशाच तारखांतून उघड होतो. म्हणून चांगल्या प्रश्नपत्रिकेत शेवटी विचारलेले असते: या भरण्याबद्दल तुम्हांला काय वाटते आणि मालकाने काय करावे? रोकड स्वीकारणारा, बँकेत भरणारा आणि जुळवणी करणारा यांच्यात कामे वाटलेली असावीत, हे उत्तर अपेक्षित असते. आकडेमोडीला मिळणाऱ्या गुणांपेक्षा या दोन ओळींना मी जास्त मोल देईन.

धनकोंची जुळवणी याच धर्तीवर चालते, फक्त बँकेच्या जागी पुरवठादाराचे पत्रक येते. ते २५ तारखेला बंद झाले असेल तर २८ तारखेचे पैसे त्यात दिसणार नाहीत. परत केलेला माल, न दिलेली सूट, दोनदा चढलेले बीजक ही इतर कारणे. ऋणकोंच्या बाबतीत नियंत्रण खाते (सर्व ग्राहकांकडील येण्याची एकत्रित बेरीज ठेवणारे खाते) आणि ग्राहकांची यादी ताडून पाहतात. इथे चूक कुठे झाली हे ओळखणे हाच कळीचा मुद्दा: विक्री पुस्तकाची बेरीज चुकली तर फक्त नियंत्रण खाते बिघडते, एकाच ग्राहकाच्या खात्यात रक्कम चुकली तर फक्त यादी, आणि मूळ बीजकाची रक्कम विक्री पुस्तकात चुकीची उतरली तर दोन्ही सारखेच बिघडतात. शेवटच्या बाबतीत दोन्ही आकडे जुळतात आणि तरीही हिशेब चुकीचा असतो.

उत्पादन परिव्यय

विकत घेऊन विकणाऱ्याला मालाची किंमत बीजकावर मिळते. वस्तू बनवणाऱ्याला ती काढावी लागते. पिशव्या शिवणारा एक कारखाना घेऊ. आरंभीचा कच्चा माल २४,०००, खरेदी १,८६,०००, आत आणण्याची वाहतूक ६,००० आणि अखेरचा साठा ३१,००० असेल, तर वापरलेला कच्चा माल १,८५,००० चा. त्यात प्रत्यक्ष मजुरी ९५,००० मिळवली की मूळ परिव्यय २,८०,०००. कारखान्याचे अप्रत्यक्ष खर्च ७४,००० धरले की बेरीज ३,५४,००० होते. वर्षारंभी अर्धवट तयार माल १८,००० चा होता आणि वर्षाअखेरी २२,००० चा आहे, म्हणून पूर्ण झालेल्या मालाचा परिव्यय ३,५०,०००. पिशव्या १४,००० तयार झाल्या असतील तर प्रत्येकीला २५.

विद्यार्थी अडखळतात ते खर्चाच्या वर्गीकरणात. माल आत आणण्याची वाहतूक कच्च्या मालात जाते, ग्राहकाकडे पोहोचवण्याची वाहतूक विक्रीखर्चात. यंत्राचा घसारा कारखान्याचा, माल पोहोचवणाऱ्या गाडीचा घसारा विक्रीचा. देखरेख करणाऱ्या मुकादमाचा पगार कारखान्यातलाच, पण तो वस्तूला हात लावत नाही म्हणून अप्रत्यक्ष. एकाच इमारतीत कारखाना आणि कार्यालय असेल तर भाडे जागेच्या प्रमाणात वाटतात, विमा मालमत्तेच्या मूल्याच्या प्रमाणात. वाटणीचा आधार खर्चाच्या स्वभावाला साजेसा हवा. सगळे खर्च एकाच गुणोत्तरात वाटणे सोपे, पण चूक.

एकूण खर्चापेक्षा प्रतिनग खर्च अधिक फसवा असतो. कारखान्याचा स्थिर खर्च ७०,००० आहे असे धरू. १४,००० पिशव्यांवर तो प्रत्येकी ५ पडतो, १०,००० पिशव्यांवर ७. उत्पादन घटल्यामुळे प्रतिनग खर्च वाढला, तर त्यात कोणाचा हलगर्जीपणा असेलच असे नाही. साठ्याचे मूल्य कसे काढायचे हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय लेखा मानक २ याच कारणाने स्थिर उत्पादनखर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायला सांगते. मंदीच्या वर्षात नग कमी झाले म्हणून उरलेल्या साठ्याचे मूल्य फुगवता येत नाही. याच विचारातून ना नफा ना तोटा बिंदू येतो. विक्रीची किंमत ३२, प्रतिनग बदलता खर्च विक्रीखर्चासह २२, म्हणून प्रत्येक पिशवीमागे १० उरतात. कारखाना आणि कार्यालय मिळून स्थिर खर्च १,००,००० असेल तर १०,००० पिशव्या विकल्यावर तोटा संपतो. उत्पादन त्या बिंदूच्या कितपत वर आहे आणि मागच्या वर्षीपेक्षा हे अंतर वाढले की घटले, हेही विचारले जाते.

कच्च्या मालाची नगवार तपासणी हा या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. एका पिशवीला दीड मीटर कापड लागते, म्हणजे १४,००० पिशव्यांना २१,००० मीटर. भांडारातून गेले २२,४००. जादा गेलेल्या १,४०० मीटरपैकी कापताना होणारी शेकडा ३ घट, म्हणजे ६३० मीटर, समजण्यासारखी आहे. उरलेले ७७० मीटर कापड कुठे गेले? नवे कामगार, बोथट पाती, निकृष्ट कापड की चोरी? पैशांच्या तक्त्यात ही गळती कच्च्या मालाच्या खर्चात विरघळून जाते आणि दिसत नाही, मीटरमध्ये मोजली की दिसते.

अंदाजपत्रक

शाळेत दोन अंदाजपत्रके करून घेतात: रोखीचे आणि नफ्या-तोट्याचे. घसारा व बुडीत कर्ज नफा कमी करतात, पण त्यांच्यासाठी रोकड बाहेर जात नाही. कर्जाच्या मुद्दलाची फेड आणि नव्या यंत्राची किंमत रोकड नेतात, पण त्या महिन्याच्या नफ्याला हात लावत नाहीत. नफा असूनही पगाराच्या दिवशी पैसे नसणे कसे शक्य आहे, याचे उत्तर या दोन तक्त्यांमध्ये आहे.

रोख अंदाजपत्रकाचा गाभा म्हणजे उधारीची वसुली. विक्रीच्या महिन्यात शेकडा ६०, पुढच्या महिन्यात ३०, तिसऱ्या महिन्यात ८ वसूल होतात आणि २ बुडतात, असे दिलेले असते. सलग तीन महिन्यांची उधार विक्री ८०,०००, ९०,००० आणि १,००,००० असेल, तर तिसऱ्या महिन्यातली वसुली ६,४०० अधिक २७,००० अधिक ६०,०००, म्हणजे ९३,४००. त्याच महिन्यात पैसे देणाऱ्यांना शेकडा ५ सूट असेल तर ६०,००० चे ५७,००० होतात आणि वसुली ९०,४०० वर येते.

अंदाज मांडून झाल्यावर प्रत्यक्ष आकडे येतात आणि तुलना सुरू होते. इथे घाईने काढलेले निष्कर्ष घातक ठरतात. दुरुस्तीवर ठरवल्यापेक्षा कमी खर्च झाला ही बचत असेल किंवा यंत्राकडे झालेले दुर्लक्ष. जाहिरातीचा खर्च जास्त झाला, पण विक्री त्याहून कितीतरी वाढली, तर तो जास्त खर्च दोष नाही. उत्पादनाचे प्रमाण बदलले असेल तर मूळ अंदाजाशी तुलना करणेच चुकीचे. १०,००० नगांसाठी १,२०,००० चा कच्चा माल ठरवला होता, प्रत्यक्षात १,३८,००० लागला. वरवर १८,००० जादा. पण नग १२,००० झाले, आणि तेवढ्यांना जुन्या दराने १,४४,००० लागले असते. म्हणजे ६,००० वाचले.

या उदाहरणांचे स्वरूप आता बदलते आहे. दक्षिण आफ्रिकेत ३१ डिसेंबर २०२० नंतर धनादेश चालेनासे झाले. न्यूझीलंडमधील बँकांनीही त्याच सुमारास ते बंद केले. अशा ठिकाणी न आलेल्या धनादेशांची यादी उदाहरणातून गळते. पैसे लगेच पोहोचतात, पण चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम, दोनदा झालेले हस्तांतरण आणि परवानगीशिवाय वळती झालेली वर्गणी पुढे येते. बँकेच्या नोंदी संगणकप्रणाली आपोआप जुळवते आणि न जुळलेल्यांची यादी माणसापुढे ठेवते. प्रश्नपत्रिकांतही त्यामुळे भरलेला तक्ता देऊन त्यातल्या संशयास्पद नोंदी शोधायला सांगणारे प्रश्न वाढत आहेत.