भुशातला बर्फ

बेळगावच्या खडेबाजारात सरबताच्या गाडीवर बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असायची. गाडीवाले काका गोणपाट सारायचे, ओला भुसा हातानं झाडायचे, टोच्यानं हवा तेवढाच तुकडा फोडायचे आणि लगेच लादी झाकून टाकायचे. खानापूरची जंगलं जवळ, त्यामुळे लाकडाच्या भुशाला आपल्याकडे तोटा नव्हता. एप्रिलच्या उन्हातही लादी संध्याकाळपर्यंत पुरायची.

याच भुशाच्या जोरावर एकेकाळी अमेरिकेतला बर्फ हिंदुस्थानात आला, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. मे 1833 मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानं बोस्टनहून ‘टस्कनी’ जहाजातून 180 टन बर्फ कलकत्त्याला धाडला. तो हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून कापलेला. चार महिने प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, तरी सुमारे 100 टन बर्फ शाबूत पोचला!

भुसा स्वतः थंड नसतो. त्याच्या कणांमध्ये हवा अडकून पडते, आणि अडकलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश सरकते. गोधडीत ऊब टिकते तीही यामुळेच. इथे फक्त उष्णतेला बाहेरून आत येऊ द्यायचं नसतं. शिवाय बर्फ मुळात चिवट. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापेल.

ढीग मोठा असेल तर आणखी फायदा. एक फुटी ठोकळ्याऐवजी दहा फुटी ठोकळा घेतला, तर बर्फ हजारपट होतो, पण ऊन-वारा लागणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. म्हणून लाद्या चौकोनी कापून एकमेकींना खेटून रचत. मद्रासच्या किनाऱ्यावर 1842 मध्ये बांधलेलं ट्यूडरचं बर्फघर अजून उभं आहे; आज ते विवेकानंदांचं स्मारक आहे.

पण बर्फघर बांधणाऱ्यांना सगळ्यात जपावं लागे ते तळाच्या मोरीला. वितळलेलं पाणी साचलं की भुसा भिजून चिंब होतो, त्यातली हवा निघून जाते आणि उष्णतेला वाट मिळते. काकांच्या गाडीच्या फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिच्यातून दिवसभर थेंब थेंब गळायचं आणि एवढं गार पाणी वाया जातं म्हणून मी हळहळायचो. त्या फटीमुळेच लादी टिकत होती.