वर्क परमिट नाही, तरी पोटगी चुकत नाही : अमेरिकेतल्या एका पेचाची पार्श्वभूमी

न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मराठी घरात घटस्फोटाची वेळ आली की एक प्रश्न हमखास निघतो. ज्याला कायद्याने नोकरीच करता येत नाही, त्याने मुलाची पोटगी कुठून द्यायची? एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याचा एच-फोर या अवलंबिताच्या व्हिसावरचा जोडीदार, लेऑफनंतर एच-वन-बी गमावलेला बाप, व्हिसाची मुदत संपूनही तिथेच राहिलेला आणि रोख मजुरीवर जगणारा कामगार, सगळ्यांना तो लागू आहे. पोटगी द्यावी लागते, इथपर्यंत अमेरिकी न्यायालयांमध्ये फारसं दुमत नाही. किती द्यायची, यावर मात्र आहे.

या पोटगीची मुळं 1601 च्या इंग्लंडमधल्या गरीब कायद्यात आहेत. निराधार मुलांचा भार गावाच्या तिजोरीवर पडू नये, म्हणून ऐपत असलेल्या आईबापांना तो उचलणं त्या कायद्याने बंधनकारक केलं. अमेरिकेतल्या वसाहतींनी हाच विचार उचलला, आणि पुढे बराच काळ हा विषय राज्यांकडेच राहिला. 1935 मध्ये केंद्र सरकारने गरीब घरांतल्या मुलांसाठी मदत सुरू केली. तिचा खर्च वाढत गेला, तशी घर सोडून गेलेल्या बापाकडून वसुलीची मागणीही वाढली. अखेर 4 जानेवारी 1975 रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने प्रत्येक राज्यात पोटगी वसुलीची यंत्रणा उभी राहिली.

खरा पेच 1986 चा आहे. त्या वर्षी 21 ऑक्टोबरला एक दुरुस्ती मंजूर झाली, जी ब्रॅडली दुरुस्ती म्हणून ओळखली जाते. तिच्यानुसार पोटगीचा हप्ता ज्या दिवशी चुकला त्याच दिवशी त्या रकमेचा जणू कोर्टाचा हुकूमनामा होतो, आणि साचलेली थकबाकी न्यायाधीशालाही मागे जाऊन माफ करता येत नाही. रक्कम कमी करून घ्यायची तर अर्ज करावा लागतो, आणि सवलत फार तर त्या अर्जाची नोटीस समोरच्याला मिळाली त्या तारखेपासून मिळते. त्याआधीचं सगळं देणं कायम.

त्यानंतर अवघ्या 16 दिवसांनी, 6 नोव्हेंबरला, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी इमिग्रेशन सुधारणा कायद्यावर सही केली. काम करायचा हक्क तपासणारा आय-नाइन फॉर्म त्यातूनच आला. नव्या माणसाने कामाला लागल्यापासून तीन कामकाजी दिवसांत आपली कागदपत्रं मालकाला दाखवायची. परवाना नसलेल्याला जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्या मालकाला शिक्षा. म्हणजे एका कायद्याने पोटगीचा चुकलेला हप्ता अढळ केला आणि दुसऱ्याने काही आईबापांचा कमाईचा सरळ रस्ता बंद केला. दोन्ही कायदे एकाच संसदेने केले, पण एकाच माणसाला दोन्ही लागू झाले तर काय, याचं उत्तर कुठेच लिहिलं नाही. ते काम कुटुंब न्यायालयांवर पडलं.

2002 मध्ये हॉफमन प्लास्टिक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की परवाना नसलेल्या कामगाराला मालकाने कायदा मोडून कामावरून काढलं, तरी न केलेल्या कामाचा मागचा पगार मिळणार नाही. मग वकिलांनी मुद्दा काढला : जे काम कायद्याने करताच येत नाही, त्याची कमाई गृहीत धरून पोटगी कशी लावता? मुद्दा बिनतोड वाटतो, पण मला तो पटत नाही. त्या खटल्यात कामगार आणि मालक आमनेसामने होते. पोटगीत तिसरा जीव असतो, ज्याने कुठलाच नियम मोडलेला नाही. शिवाय पोटगीचा आदेश कुणाला बेकायदा नोकरी करायला सांगत नाही. तो पैसे द्यायला सांगतो. माणूस रोखीने का होईना, खरोखर कमावत असेल तर ती कमाई अनेक न्यायालयं धरतात. अवघड होतं ते कमाईच नसते तेव्हा.

टेक्सासचं उदाहरण घ्या. तिथे उत्पन्नाचा पुरावाच नसेल तर कायदा आठवड्याला 40 तास आणि केंद्रीय किमान वेतन गृहीत धरतो. ताशी 7.25 डॉलर म्हणजे आठवड्याला 290, महिन्याला सुमारे 1,257 डॉलर. करवजावटीनंतरच्या रकमेचे 20 टक्के एका मुलासाठी. आकडा छोटा दिसतो, पण खिशात शून्य असलेल्याचं देणं दर महिन्याला वाढत राहतं.

आपल्या लोकांना जास्त लागतं ते एच-फोरचं. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या काही एच-वन-बीधारकांच्या जोडीदारांना 26 मे 2015 पासून वर्क परमिट मिळू लागलं. पण एच-फोर लग्नावर उभा असतो. घटस्फोट झाला की तो जातो, आणि त्याच्या जोरावर मिळालेल्या परमिटचा आधारही जातो. ज्या निकालात पोटगी लागते, त्याच निकालाने काम करायचा हक्क संपतो. परवान्याशिवाय काम केलं तर पुढचा व्हिसा धोक्यात. आणि पोटगी जाणूनबुजून थकवली, तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात सदाचरणाच्या निकषावर तेच आडवं येतं.

डिसेंबर 2016 मध्ये केंद्राने नियम बदलला. उत्पन्न गृहीत धरताना माणसाची परिस्थिती बघा, असं राज्यांना सांगितलं : शिक्षण, आरोग्य, आधीच्या नोकऱ्या, स्थानिक रोजगार आणि कामातले इतर अडथळे. वर्क परमिटचा त्या यादीत वेगळा उल्लेख नाही. तो ‘इतर अडथळ्यां’त बसतो हे पक्षकाराने स्वतः कोर्टासमोर मांडावं लागतं.

आणि इथेच आपली माणसं चुकतात. नोकरी गेली की एच-वन-बीवाल्याला देशात राहायला जास्तीत जास्त 60 दिवसांची सवलत असते. ते दिवस नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी अर्ज करणारी कंपनी, शोधण्यात जातात, पोटगी कमी करण्याचा अर्ज राहून जातो. काही जण तसेच पुण्याला परततात. आपल्याकडेही धडधाकट माणसाने ‘कमाई नाही’ म्हणून हात वर करणं न्यायालयं मान्य करत नाहीत, हे 2022 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलंय. पण तिकडचा आदेश बदलून घेतल्याशिवाय परतलं, तर 1986 ची ती दुरुस्ती तिकडे आपलं काम करत राहते. अर्ज नोकरी गेल्याच्या आठवड्यातच द्यावा, देश सोडण्याआधी.