कानाच्या कातडीतून बुकार्डो: नामशेष प्राणी परत आणताना नेमकं काय होतं

एप्रिल १९९९. स्पेनच्या उत्तरेला पिरेनिज पर्वतात, ओर्देसा राष्ट्रीय उद्यानात एक रानबकरी पकडली गेली. तिच्या कानाच्या कातडीचे लहानसे तुकडे काढून घेतले, गळ्यात रेडिओ कॉलर बांधली आणि तिला परत डोंगरात सोडून दिलं. ही बुकार्डो, म्हणजे आयबेरियन रानबकऱ्यांची पिरेनिजमधली उपप्रजाती. या मादीचं नाव सेलिया. तिच्यासारखी दुसरी जगात कुठेच उरलेली नव्हती. ६ जानेवारी २००० रोजी ती कोसळलेल्या झाडाखाली चिरडून मेलेली सापडली. बुकार्डो संपले. कातडीच्या पेशी मात्र द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला, शाबूत होत्या.

३० जुलै २००३ रोजी त्याच पेशींपासून एक करडू जन्माला आलं. मादी, वजन २.६ किलो. काही मिनिटं धाप लागली आणि ती गेली. फुप्फुसाला एक जादा खंड होता, यकृतासारखा घट्ट. हवा आत जायला जागाच नव्हती.

नामशेष झालेल्या प्राण्याचा संपूर्ण जनुकसंच घेऊन जिवंत पिल्लू जन्मल्याची आजवर हीच एक घटना. असे प्राणी परत आणावेत का, या प्रश्नावर वाद घालायचा तर आधी त्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर काय झालं ते जवळून पाहायला हवं.

काम असं चालतं. कातडीच्या पेशी वितळवून पोषकद्रवात वाढवायच्या. मग काही दिवस त्यांचं अन्न तोडायचं, म्हणजे त्यांचं विभाजन थांबतं. दुसरीकडे पाळीव बकरीची पक्व अंडपेशी घ्यायची. तिचा व्यास मिलिमीटरच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढा. सूक्ष्मदर्शकाखाली एका काचेच्या नळीने ती धरून ठेवायची, दुसऱ्या, केसाहून बारीक नळीने तिच्यातली गुणसूत्रं ओढून काढायची आणि बाहेरच्या आवरणाखाली कातडीची एक पेशी सरकवायची. विजेचा अगदी अल्प झटका दिला की दोन पेशींची पटलं एकजीव होतात. मग रसायनाने अंड्याला ‘फलन झालंय’ असं भासवायचं. ते विभागू लागलं तर भ्रूण दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवायचा. बुकार्डोसाठी स्पॅनिश रानबकऱ्या आणि रानबोकड-पाळीव बकरी यांच्या संकरित माद्या वापरल्या. शेकडो भ्रूण तयार केले, पन्नासहून अधिक माद्यांमध्ये ठेवले, सात गाभण राहिल्या. सहांचा गर्भपात झाला.

इतकं वाया का जातं? कातडीच्या पेशीत सगळी जनुकं असतात, पण बहुतेकांवर ‘बंद’ अशा रासायनिक खुणा असतात, कारण कातडीला डोळा किंवा आतडं करायचं नसतं. अंडपेशीला या सगळ्या खुणा थोडक्या वेळात पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची असते. काही खुणा तशाच राहतात. मग वार नीट बनत नाही, एखादं इंद्रिय चुकीच्या वेळी वाढतं. क्लोन केलेल्या मेंढ्यांमध्येही फुप्फुसांचे असे दोष दिसलेले आहेत. दुसरी अडचण अंड्यातल्या तंतुकणिकांची, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांची. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि तो पाळीव बकरीचा. म्हणजे जन्मलेलं करडूही शंभर टक्के बुकार्डो नव्हतंच.

आणि समजा ते जगलं असतं, तर? सेलिया मादी. तिच्या पेशींत वाय गुणसूत्र नाही. कितीही क्लोन केले तरी माद्याच, त्याही सगळ्या हुबेहूब एकसारख्या. शेवटचे बोकड मेले तेव्हा त्यांच्या पेशी कुणी गोठवल्या नव्हत्या. या साऱ्या प्रकरणातली मला सर्वात जास्त चटका लावणारी गोष्ट हीच. तंत्र कमी पडलं ते नंतर. त्याआधी दहा-वीस वर्षांपूर्वी साध्या कातडीच्या तुकड्यांची वेळ निघून गेली होती.

दरम्यान पिरेनिजच्या फ्रान्सकडच्या बाजूला २०१४ पासून स्पेनमधल्या ग्वादारामा डोंगरातल्या रानबकऱ्या आणून सोडल्या. ती बुकार्डोची सख्खी बहीण म्हणावी अशी उपप्रजाती. त्या तिथे रुळल्या, व्यायल्या, शेकड्यांच्या घरात गेल्या. त्या कडेकपारींवर पुन्हा शिंगं दिसू लागली ती ट्रकमधून आणलेल्या कळपामुळे.

बुकार्डोच्या वेळी निदान जिवंत पेशी तरी होत्या. मॅमथ, डोडो, टास्मानियाचा पट्टेरी थायलासिन यांच्या नाहीत. शेवटचा ज्ञात थायलासिन ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. उरलीत कातडी, हाडं, दारूत ठेवलेली पिल्लं. मेल्यानंतर डीएनएचे तुकडे पडतात. ऊब आणि ओल असेल तर फार लवकर. म्हणून उष्ण प्रदेशातल्या डोडोपेक्षा गोठलेल्या सायबेरियातल्या मॅमथचा डीएनए बरा मिळतो, आणि डायनासोरचा मिळत नाही. वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून वाचता आला आहे, पण साडेसहा कोटी वर्षांचं अंतर कुठलंच गोठण राखू शकत नाही.

फाटून चिंध्या झालेली पोथी जुळवायची असेल, तर आपण त्याच ग्रंथाची दुसरी धड प्रत समोर ठेवतो आणि प्रत्येक चिंधी कुठे बसते ते पाहतो. जुना डीएनएही असाच जवळच्या जिवंत नातेवाइकाच्या जनुकसंचावर बसवतात. खोड अशी की जिथे दोन प्रतींत पाठभेद जास्त, तिथेच चिंधी कुठे लावायची ते कळत नाही. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरच्या मॅक्लिअरच्या उंदरावर २०२२ मध्ये हे तपासून पाहिलं गेलं. हा उंदीर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपला. नमुने उत्तम, आणि नातेवाईक म्हणून समोर प्रयोगशाळेतला ओळखीचा तपकिरी उंदीर. तरीही जनुकसंचाचा जवळपास ५ टक्के भाग जुळलाच नाही. हे ५ टक्के कुठूनही विखुरलेले नव्हते. रोगप्रतिकार आणि वास ओळखण्याच्या जनुकांमध्ये ते सर्वात जास्त होते. ही जनुकं झपाट्याने बदलतात, म्हणून प्रत्येक प्रजातीची ती खास असतात. उंदराला उंदीर करणारा भाग सापडला. या बेटावरचा उंदीर करणारा भाग हरवला.

आता डायर वुल्फ या नामशेष लांडग्याकडे पाहू, कारण एप्रिल २०२५ मध्ये ‘दहा हजार वर्षांनी परत आला’ अशी त्याची बातमी जगभर झाली. अमेरिकेतल्या कोलोसल बायोसायन्सेस या कंपनीने १३,००० वर्षांपूर्वीचा एक दात आणि ७२,००० वर्षांपूर्वीची एक कवटी यांतून डीएनए वाचला. मग करड्या लांडग्याच्या रक्तातल्या पेशी घेतल्या आणि १४ जनुकांत मिळून २० ठिकाणी बदल केले. पुढची वाट बुकार्डोचीच: केंद्रक काढलेलं अंडं, भ्रूण, गर्भ वाढवायला पाळीव कुत्री. तीन पिल्लं जन्मली, पांढरी, धिप्पाड. काम अवघड आणि देखणं आहे, यात शंका नाही. पण हिशेब मांडा. कंपनीच्याच सांगण्यानुसार दोन्ही लांडग्यांचे जनुकसंच ९९.५ टक्के सारखे आहेत. लांडग्याचा जनुकसंच सुमारे २४० कोटी अक्षरांचा. त्यातला अर्धा टक्का म्हणजे १ कोटी २० लाख फरक. दुरुस्त्या झाल्या २०.

त्यातही एक बारकावा आहे. डायर वुल्फच्या फिकट रंगाशी जोडलेले काही जनुकबदल करड्या लांडग्यात घातले तर बहिरेपणा, आंधळेपणा येण्याचा धोका होता. म्हणून पांढरा रंग दुसऱ्याच, निर्धोक बदलांनी आणला. जनुकं एकेकटी काम करत नाहीत. एकाचं भलं दुसऱ्याच्या सोबतीवर अवलंबून असतं. त्या पिल्लांना मी जनुकबदल केलेले करडे लांडगे म्हणेन. जागतिक निसर्ग संरक्षण संघटनेच्या, म्हणजे आययूसीएनच्या, श्वानकुलाच्या तज्ज्ञगटानेही ते डायर वुल्फ नाहीत असंच म्हटलं.

पक्ष्यांची गोष्ट आणखी निराळी. पक्षी असे क्लोन करताच येत नाहीत. त्यांची अंडपेशी म्हणजे आख्खा पिवळा बलक. त्यावर केंद्रक एका ठिपक्यात दडलेलं, ते दिसतही नाही. अंडाशयातून सुटल्यावर थोड्याच वेळात फलन होतं आणि कोंबडीचं अंडं बाहेर पडेपर्यंत आतल्या भ्रूणात हजारो पेशी झालेल्या असतात. गुणसूत्रं काढायची कधी आणि कुठून?

म्हणून इथे वेगळी युक्ती लागते. कोंबडीच्या अंड्यात अडीच दिवसांच्या सुमारास, पुढे शुक्राणू किंवा बीजांडं होणाऱ्या आद्य जननपेशी रक्तातून फिरत जननग्रंथींकडे निघालेल्या असतात. त्या काढून वाढवता येतात आणि दुसऱ्या भ्रूणात टोचता येतात. तो भ्रूण मोठा झाला की दिसायला स्वतःसारखाच, पण संतती देतो दुसऱ्याची. २०१० मध्ये दुबईतल्या शास्त्रज्ञांनी हुबारा या पक्ष्याच्या जननपेशी कोंबडीच्या भ्रूणांत घातल्या. त्यातून वाढलेल्या कोंबड्यांचं वीर्य हुबारा माद्यांना दिलं आणि शुद्ध हुबारा पिल्लं निघाली. बाप कोंबडा, लेकरू हुबारा.

हुबारा हा आपल्या माळढोकाच्या कुळातला. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं, तिथे आता एखाददुसरा पक्षी दिसला तरी बातमी होते. देशात उरलेत ते दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी, बहुतेक राजस्थानात. २०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यात अंडी गोळा करून, उबवून पिल्लं वाढवली जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. याच पक्ष्याच्या जननपेशी जपून ठेवण्याचं तंत्र आत्ता, पक्षी जिवंत असताना बसवलं, तर त्याचा उपयोग आहे. पॅसेंजर कबुतरासाठी तेच तंत्र बसवून काय साधणार? १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीत शेवटची मादी मेली, त्या पक्ष्याला हजारोंच्या थव्यात वीण घालायची सवय होती. दहा-वीस पक्षी तो थवा कुठून आणणार?

माळढोक मरतो विजेच्या तारांवर आपटून. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं कमी दिसतं, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. मादी बहुधा एकच अंडं घालते. त्यामुळे पाळण्यातून कितीही पिल्लं सोडली आणि तारा तशाच राहिल्या, तर आपण तारांनाच खाऊ घालतोय. प्राणी का गेला, आणि ते कारण आजही तिथे उभं आहे का, हा प्रश्न प्रयोगशाळेआधी विचारला पाहिजे.

चित्त्याने हे दाखवून दिलं. भारतातले शेवटचे तीन चित्ते १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी मारले असं मानतात. १९५२ मध्ये चित्ता नामशेष जाहीर झाला. हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्राने इराणच्या चित्त्याच्या पेशींपासून क्लोन करायचं ठरवलं होतं. इराणने नकार दिला. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा आफ्रिकी चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आले. त्यांच्या शरीराचं घड्याळ दक्षिण गोलार्धाचं. जून ते सप्टेंबर म्हणजे त्यांचा हिवाळा, म्हणून अंगावर दाट केस आले, आणि इथे नेमका पावसाळा. कॉलरखाली केस ओले राहिले, कातडी खाजून फुटली, माशांनी अंडी घातली, जखमेत अळ्या पडल्या आणि रक्तात विष भिनून २०२३ च्या पावसाळ्यात चित्ते दगावले. जिवंत, धडधाकट, आईने शिकवलेल्या चित्त्यांची ही गत. काचेच्या बशीत घडवलेल्या, आई नसलेल्या, कळप नसलेल्या प्राण्याला ऋतू कोण शिकवणार?

मग हे तंत्र कुणासाठी? माझ्या मते काळ्या पायांच्या फेरेटसारख्यांसाठी. अमेरिकेतला हा मुंगसाएवढा शिकारी संपलाच असं मानत होते. १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये तो पुन्हा सापडला. आजचे जवळपास सगळे फेरेट अवघ्या सात पूर्वजांची संतती. विला नावाच्या एका मादीच्या पेशी मात्र १९८८ पासून सॅन डिएगोत गोठवलेल्या होत्या आणि तिची संतती कळपात नव्हती. १० डिसेंबर २०२० रोजी तिचा क्लोन जन्मला, एलिझाबेथ ॲन. तिच्या गर्भाशयात दोष निघाला, ती व्याली नाही. २०२३ मध्ये जन्मलेली दुसरी क्लोन अँटोनिया २०२४ मध्ये व्याली. तिच्या अंगात तंतुकणिका पाळीव फेरेटच्या असल्या तरी त्या आईकडूनच पुढे जातात. नर पिल्लांवाटे वंश चालवला की विलाची जनुकं येतात आणि परक्या तंतुकणिका गळून जातात. हरवलेली विविधता कळपात परत येते, आणि शिकवायला जिवंत फेरेट आहेत.

याची सुरुवात होते तीन-चार मिलिमीटर कातडीने. कानाची कड स्पिरिटने पुसायची, तुकडा प्रतिजैविक घातलेल्या पोषकद्रवात टाकायचा, बर्फावर ठेवून दोन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचा. बर्फावर, फ्रीझरमध्ये नव्हे. साध्या फ्रीझरमध्ये पेशीतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फुटते. फॉर्मलिनमध्ये टाकला तर डीएनए कदाचित वाचता येईल, पेशी वाढणार नाही. मेलेल्या प्राण्याकडूनही नमुना घेता येतो, पण आपल्या उन्हात तासांचा हिशेब. प्रयोगशाळेत तुकड्याच्या कडेने पेशी आठवड्याभरात सरपटत बाहेर येतात. कानातली बुरशी सोबत आली असेल तर सगळं फेकावं लागतं. मग पेशींना गोठताना जपणारं डीएमएसओ हे द्रव १० टक्के घालून मिनिटाला एक अंश या सावकाश गतीने उणे ८० पर्यंत न्यायचं आणि पुढे नायट्रोजनमध्ये. नायट्रोजन सतत उडत असतो. टाकी भरायला विसरलं की वीस वर्षांचं काम एका सुट्टीत संपतं. म्हणून प्रत्येक नमुना दोन गावांत हवा. नर वेगळा, मादी वेगळी, आणि एकाच कुटुंबातले दहा घेण्यापेक्षा दहा ठिकाणांहून एकेक. हैदराबादेत वन्यप्राण्यांच्या अशा पेशींची राष्ट्रीय पेढी आहे. जखमी म्हणून हाती आलेला, कॉलर बांधायला बेशुद्ध केलेला, रस्त्यावर गाडीखाली आलेला प्रत्येक रानप्राणी तिथे एक नळकांडं भरू शकतो. बेशुद्ध प्राण्याजवळ वनरक्षक आणि डॉक्टर असतातच. तुकडा काढायला आणखी दोन मिनिटं लागतात.