मिश्रण आधी वेगळं झालं, व्याख्या मागाहून आली

पहिल्या पुराचं गोदावरीचं पाणी हंड्यात भरून ठेवलं की वाळू लगेच तळाला बसते. मातकट रंग मात्र दुसऱ्या दिवशीही तसाच राहतो. मराठवाड्यातल्या घरांत त्यात तुरटीचा खडा फिरवायची पद्धत जुनी आहे. शाळेच्या पुस्तकात आधी मिश्रणांचे प्रकार येतात आणि मग ती वेगळी करायच्या पद्धती. प्रत्यक्षात क्रम उलटा होता: माणसाला पद्धती हजारो वर्षं येत होत्या, व्याख्या जेमतेम दोन शतकांच्या आहेत. हे मुलांना सांगायलाच हवं, नाहीतर व्याख्या आकाशातून पडल्यासारख्या वाटतात.

सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळायचे सात उपाय दिले आहेत. त्यांत निवळीच्या बिया आहेत, कमळाच्या कंदाची गाठ आहे आणि वस्त्रही आहे. वस्त्र म्हणजे सरळ गाळणं. निवळीची बी हंड्याला आतून घासली की पाणी का निवळतं, हे कळायला मात्र रसायनशास्त्राला फार वाट पाहावी लागली.

त्याआधी एक मोठा वाद मिटायचा होता. मिश्रण आणि संयुग यांत फरक काय? फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ बर्थोले म्हणत, पदार्थ कोणत्याही प्रमाणात जोडले जाऊ शकतात. पाहा मिश्रधातू, पाहा काच, पाहा द्रावणं. माद्रिदमध्ये काम करणारे रसायनशास्त्रज्ञ प्रूस्त यांनी 1799 मध्ये खाणीतलं आणि प्रयोगशाळेत बनवलेलं कॉपर कार्बोनेट तपासून दाखवलं, की दोन्हींतलं घटकांचं प्रमाण एकच आहे. बर्थोलेंची उदाहरणं खोटी नव्हती. आपल्याकडचं बिदरी काम घ्या: जस्त पुष्कळ, तांबं थोडं, आणि ते किती घालायचं हे कारागीर ठरवतो. पण प्रूस्त यांचं उत्तर असं, की संयुगात घटकांचं प्रमाण ठरलेलं असतं; ज्यांत ते बदलू शकतं, अशा पदार्थांना संयुग म्हणूच नये. वाद कित्येक वर्षं चालला. 1808 मध्ये, अणू ठरावीक संख्येतच जोडले जातात असं सांगणारा डाल्टन यांचा अणुसिद्धांत छापून आला आणि प्रूस्त यांची बाजू भक्कम झाली. मिश्रणाची आजची व्याख्या या भांडणातून आली आहे, आणि मला या साऱ्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

मिश्रणांतले प्रकार त्यानंतर सुटे झाले. 1861 मध्ये थॉमस ग्रॅहम यांनी दाखवलं, की मीठ चर्मपत्रातून पार होतं, डिंक किंवा सरस अडकतो. या अडकणाऱ्यांना त्यांनी कलिल म्हणजे कोलॉइड म्हटलं. काळ्या मातीतली चिकणमाती याच वळणाची. तिचे कण दोन मायक्रोमीटरहूनही बारीक, त्यांवर ऋण प्रभार, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो प्रभार मारतं, कणांचे पुंजके होतात आणि तळाला बसतात. निवळीच्या बीतले मोठे रेणूही कणांना असंच एकत्र बांधतात.

गुऱ्हाळात काहिलीतल्या रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून वर आलेला मळ काढतात, तेव्हा त्यातला कचराही असाच बांधला जातो. फरक इतकाच, की तो बुडण्याऐवजी वर येतो. साखर कारखान्यात रवाळ पाक सेंट्रिफ्यूगल यंत्रात फिरवून दाणा आणि मळी, म्हणजे उरलेला दाट काळपट पाक, वेगळी करतात. त्या मळीपासून आसवनीत अल्कोहोल काढतात, तिथे एक गाठ लागते. वजनाने सुमारे 95.6 टक्क्यांवर अल्कोहोल आणि पाणी एकत्रच उकळतात, साध्या ऊर्ध्वपातनाने पुढे जाता येत नाही. म्हणून पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल उरलेलं पाणी शोषून घेणाऱ्या रेणू-चाळणीतून काढावं लागतं.

प्रकार ओळखण्याची गरज सर्वांत जास्त कळते ती किनवटसारख्या भागात. तिथल्या काही गावांच्या बोअरचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण त्यात दात-हाडांना घातक ठरेल इतकं फ्लोराइड विरघळलेलं असतं. ते कापडातून गाळून, निवळत ठेवून किंवा उकळून जात नाही. उकळल्याने तर पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. त्यासाठी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने नलगोंडा पद्धत बसवली: मोजून चुना आणि तुरटी घालायची, ढवळायचं, बसणाऱ्या गाळाला फ्लोराइड चिकटू द्यायचं. मातीसाठी लागते त्याहून कितीतरी जास्त तुरटी इथे लागते. खालचा गाळ विषारी असतो, तो विहिरीजवळ किंवा शेतात टाकता येत नाही.