बारा व्होल्टची ठिणगी

वांगणीच्या फलाटावर माझ्या पिशवीतून धूर यायला लागला. आत होती दुर्बिणीला वीज द्यायला घेतलेली, यूपीएसमध्ये असते तसली १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी, आणि निघताना घाईत तिच्याशेजारी कोंबलेला दुर्बिणीच्या तिवईचा पाना. लोकलच्या धक्क्यांनी सरकत सरकत तो बॅटरीच्या दोन्ही टोकांवर आडवा पडला होता. उचलायला गेलो तर बोटं भाजली. पान्याच्या कडेला मुगाएवढा खळगा पडला होता.

‘१२ व्होल्टने काय होतंय?’ असं तोवर मीही म्हणायचो. शॉकपुरतं ते खरंच आहे. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो, त्यामुळे १२ व्होल्टला अंगातून जाणवण्याइतका प्रवाह जातच नाही. पान्याला मात्र रोध जवळजवळ नसतो. ७ अँपिअर-तासाच्या, म्हणजे ढोबळमानाने एक अँपिअर सात तास देणाऱ्या, अशा बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत रोध २०-३० मिलिओहमच्या घरात. भागाकार केला की काहीशे अँपिअर निघतात. घरातला २ किलोवॅटचा गीझर जेमतेम ९ अँपिअर घेतो आणि त्यालाही आपण जाड वायर टाकतो, हे लक्षात घ्या.

आता दुर्बिणीला वीज लागतेच कशाला? पृथ्वी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी घेते, म्हणजे आकाश तासाला १५ अंश सरकतं. डोळ्यांना ते कळत नाही. पण दीडदोनशे पट मोठं करून शनी पाहत असाल, तर अर्ध्या मिनिटात तो नजरेबाहेर जातो. माउंटची, म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते त्या फिरत्या बैठकीची, मोटर त्याच वेगाने उलट फिरून त्याला जागेवर धरते. या कामाला साधारण अर्धा अँपिअर पुरतो. शनीवरून थेट देवयानी दीर्घिकेकडे झपाट्याने वळायचं म्हटलं, की मोटर दोन-तीन अँपिअर मागते.

नेमकी इथेच माझ्या पहिल्या माउंटने मान टाकली होती. त्यात ८ पेन्सिल सेल बसायचे. प्रत्येकी दीड व्होल्ट, एकूण १२; हिशेब बरोबर. नवे अल्कलाइन सेल घातले, दुर्बीण ध्रुवताऱ्यावरून वळवायला घेतली आणि हातातल्या रिमोटची अक्षरंच गेली. सेल संपले नव्हते. एका सेलचा अंतर्गत रोध ०.२ ओहम धरला, तर आठांचे झाले १.६. दोन अँपिअर ओढले की तीनेक व्होल्ट सेलांच्या पोटातच खर्च होतात आणि माउंटपर्यंत पोचतात कसेबसे नऊ. तेवढ्यावर आतला छोटा संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि दिशा कळाव्यात म्हणून तासाभरापूर्वी आपण त्याला दाखवून दिलेले तारे साफ विसरतो.

म्हणून बहुतेक जण शिसे-आम्लाच्या बॅटरीकडे वळतात. स्वस्त, कुठेही मिळणारी, अडीच किलोच्या आसपास वजनाची. पण ७ अँपिअर-तास लिहिलं असलं तरी त्यातले साडेतीनच आपले समजावेत. त्याहून खाली वारंवार नेली, की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे खडे धरतात आणि बॅटरी लवकर बसते. त्यात हिवाळ्यात दहिवर हटवायला भिंगाभोवती तापपट्टी गुंडाळली, तर ती एकटीच अँपिअरभर खाते; मग पहाटेचा गुरू विसरा. मल्टीमीटर १२.७ दाखवत असेल तर बॅटरी भरलेली, १२ दिसले की आवरायला घ्यायचं.

गाडीच्या बॅटरीवरून वायर ओढणारेही भेटतात. ती इंजिनाला एक दणका देण्यासाठी बनलेली असते, रात्रभर थेंब थेंब देण्यासाठी नव्हे. सकाळी गाडी ढकलायला माणसं तरी असावी लागतात.

परवडत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यावी. ३.२ व्होल्टचे चार सेल, मिळून १२.८, वजन निम्म्याहून कमी, आणि इतर बऱ्याच लिथियम प्रकारांपेक्षा शांत स्वभावाची. तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ हलत नाही. हे माउंटला मानवतं. पण मीटर बघून किती उरली ते कळत नाही, आतलं संरक्षक सर्किट एकदम वीज तोडतं. चार्जर तिच्यासाठीच बनलेला हवा. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून, संरक्षक सर्किट न लावता डब्यात बसवणाऱ्यांशी मात्र मी वाद घालतो. असा एखादा सेल तापून पेटला, की शेजारच्यालाही पेटवतो.

कुठलीही बॅटरी घ्या, तिच्या धन टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज हवा. फ्यूज दुर्बिणीसाठी नसतो, वायरसाठी असतो. तो माउंटजवळ लावला आणि त्याच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला, वायर सोलली गेली, तर तो नुसता बघत बसेल. ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळणारा चपटा, फिकट तपकिरी, ५ अँपिअरचा फ्यूज आणि त्याचा होल्डर चहा-वड्याच्या पैशांत येतो. प्लग लावण्याआधी मीटरने आतलं टोक धन आहे ना, तेही पाहावं. बहुतेक माउंटना तसंच लागतं, आणि उलटं जोडलं तर सर्किट क्षणात जळू शकतं.

माझ्या बॅटरीच्या टोकांवर आता सायकलच्या ट्यूबचे तुकडे घट्ट बसवलेत आणि पाना वेगळ्या पिशवीत जातो. माउंटची वायरही तिवईच्या पायाला एक वेढा देऊन मगच प्लगपर्यंत नेतो, कारण अंधारात दुर्बिणीपाशी आलेल्या प्रत्येक दहा जणांत एकाचा पाय त्या वायरमध्ये अडकतोच.