रेघेला दिशा देण्याची धडपड : स्टुडिओतलं लाँग एक्स्पोजर आणि फ्लॅशची वेळ

अंधाऱ्या स्टुडिओत शटर दोन सेकंद उघडं ठेवा आणि कुणालातरी पेटता दिवा हातात घेऊन डावीकडून उजवीकडे जायला सांगा. फोटोत एक उजळ रेघ येईल. तोच माणूस उजवीकडून डावीकडे गेला, तरी रेघ तीच येईल. उघड्या शटरला आधी आणि नंतर कळत नाही. जिथे जितका वेळ प्रकाश पडला तितका तो साठतो, पण कोणत्या क्रमाने पडला याची नोंद राहत नाही. स्टुडिओत गती टिपण्याच्या प्रयोगांचा इतिहास बराचसा या एकाच अडचणीभोवती फिरतो. कॅमेऱ्याच्या मेनूत आज 'रिअर सिंक' (फ्लॅश शटर बंद होण्याच्या जरा आधी पाडण्याची सोय) नावाची जी ओळ दिसते, ती या अडचणीवरचं अर्धं उत्तर आहे. ते अर्धंच का राहिलं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

फोटोग्राफीची पहिली चाळीस वर्षं थोडक्यात आटोपता येतील, कारण तेव्हा लाँग एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवणं, ही सक्ती होती. १८३८ साली घेतलेल्या पॅरिसच्या रस्त्याच्या प्रसिद्ध डगेरोटाइपमधून (धातूच्या पत्र्यावरच्या सुरुवातीच्या फोटोतून) सगळी रहदारी पुसली गेली आणि बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस तेवढा उरला. स्टुडिओत बसलेल्यांच्या मानेमागे लोखंडी आधार लावावा लागे. १८५१ नंतर ओल्या कोलोडियनच्या काचा आल्या, तरी काही सेकंद स्तब्ध राहणं सुटलं नाही. १८७० च्या दशकाच्या अखेरीस जिलेटिनच्या कोरड्या काचा विकत मिळू लागल्या आणि सेकंदाचा छोटासा अंश पुरू लागला. हालचाल गोठवता येऊ लागली, त्यानंतरच ती मुद्दाम वाहू देण्याचा विचार कुणाला सुचू शकला.

१८८२ पासून पॅरिसमध्ये एका शरीरशास्त्रज्ञाने एकाच काचेवर एका हालचालीच्या अनेक आकृत्या घ्यायला सुरुवात केली. भिंगाच्या मागे खाचा पाडलेली तबकडी फिरत असे आणि प्रत्येक खाच सरकली की एक आकृती उमटे. माणूस सावकाश चालला की आकृत्या एकमेकींवर चढत. त्यावर १८८३ मध्ये निघालेला उपाय आजही तसाच वापरता येतो: माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख, हातापायांच्या रेषेत पांढऱ्या पट्ट्या आणि मागे आतून काळी केलेली खोल शेड. १८८९ मध्ये त्याच्या सहकाऱ्याने सांध्यांवर छोटे विजेचे दिवे बांधून चालणाऱ्या माणसाचा फोटो घेतला आणि तुटक आकृत्यांच्या जागी सलग लहरी आल्या. काळ्या पार्श्वभूमीचं कारण सरळ आहे. मागची जागा उजळ असेल, तर ती संपूर्ण एक्स्पोजरभर साठत राहते आणि समोरून क्षणभर गेलेल्या हाताला गिळून टाकते.

१९११ च्या सुमारास रोममध्ये याच्या उलट बाजूने प्रयत्न झाला. तिथल्या फ्युचरिस्ट कलाचळवळीतल्या प्रयोगकर्त्यांना तुटक आकृत्या मान्यच नव्हत्या. हालचालीचा सलग पट्टा हेच त्यांना सत्य वाटे. हालचालीच्या दोन्ही टोकांना शरीर थोडं थांबतं, म्हणून त्यांच्या फोटोंत चेहरा टोकांना दाट आणि मध्ये धुरासारखा दिसतो. १९१३ मध्ये त्यांच्याच चळवळीतल्या चित्रकारांनी या फोटोंशी आपला संबंध नाही असं जाहीर केलं. मला त्यांचा तो निर्णय अन्यायकारक वाटतो. पण एक खरं, की त्या फोटोंत डोकं कुठून कुठे वळलं हे सांगता येत नाही.

दिशेचा प्रश्न पहिल्यांदा नेमका सोडवला तो कारखान्यातल्या कामाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या एका जोडप्याने, १९१०च्या दशकात. कामगाराच्या बोटाला दिवा बांधायचा आणि त्याचा वीजप्रवाह ठरावीक अंतराने तोडायचा. प्रवाह सुरू होताच दिवा झटकन पेटेल आणि बंद होताना सावकाश विझेल अशी रचना केली, की प्रत्येक ठिपका सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळता येतो. निमुळतं टोक ज्या बाजूला, त्या बाजूला हात चालला होता. ठिपके मोजले की वेळ मिळते आणि टोक पाहिलं की दिशा. एका दिव्यात आणि एका तारेत बसवलेलं इतकं नेटकं उत्तर नंतर क्वचितच दिसतं.

फ्लॅशचा धागा याच्या समांतर चालत आला. १८८७ मध्ये मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर निघाली. ती वापरायची रीत म्हणजे 'ओपन फ्लॅश': भिंग उघडायचं, पावडर पेटवायची, भिंग बंद करायचं. फ्लॅश आणि शटर यांचा यांत्रिक संबंध काहीच नसे. त्यामुळे फ्लॅश सुरुवातीला, मध्ये की शेवटी, हे पूर्णपणे फोटोग्राफरच्या हातात होतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढच्या शंभर वर्षांत हीच गोष्ट आधी काढून घेतली गेली आणि मग सुविधा म्हणून परत दिली गेली.

काढून घेतली ती सिंक्रोनायझेशनने, म्हणजे फ्लॅशची वेळ शटरशी बांधण्याने. १९३०च्या दशकात फ्लॅशबल्ब रुळले आणि शटरमध्येच फ्लॅशचा संपर्क बसवलेले कॅमेरे येऊ लागले. शटरमध्ये एकामागून एक सरकणारे दोन पडदे असतात: पहिला सरकला की फिल्म उघडी पडते, दुसरा सरकला की झाकली जाते. हा संपर्क पहिल्या पडद्याला जोडला गेला. त्या काळाच्या दृष्टीने कारण पटण्यासारखं होतं. नेहमीच्या एम प्रकारच्या बल्बला कळसाला पोचायला साधारण २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे शटर पूर्ण उघडण्याआधीच त्याला इशारा द्यावा लागतो. शिवाय बटण दाबल्यापासून पहिला पडदा उघडेपर्यंतचा वेळ ठरलेला असतो. दुसरा पडदा कधी सुटेल हे मात्र निवडलेल्या वेगावर अवलंबून. शेवटी फ्लॅश हवा, तर दुसरा पडदा सुटण्याच्या २० मिलिसेकंद आधीचा क्षण यंत्राला ओळखावा लागला असता. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आल्यावर, त्याच्यासाठीच्या एक्स सिंकमध्ये, ही अडचण उरली नव्हती, कारण तो इशारा मिळताच पेटतो. तरीही संपर्क पहिल्याच पडद्यावर राहिला. सेकंदाच्या साठाव्या किंवा एकशे पंचविसाव्या भागात फ्लॅश आधी पडला काय आणि नंतर पडला काय, फोटोत फरक दिसत नाही. म्हणून बदलायची निकड कुणाला वाटली नाही.

फरक दिसतो तो शटर बराच वेळ उघडं राहिलं की. नर्तकी डावीकडून उजवीकडे धावते आहे. शटर उघडताच फ्लॅश पडला, ती तिथे स्वच्छ गोठली. उरलेल्या वेळात साध्या दिव्याखाली तिचा पुसट माग पुढे पसरत गेला. फोटोत माग तिच्या पुढ्यात येतो आणि ती मागे ओढली जात असल्यासारखी दिसते. फ्लॅश शेवटी पडला, की माग मागे राहतो आणि ती पुढे झेपावते. अनेक स्टुडिओंनी यावर जुनाच उपाय चालू ठेवला: खोली काळोखी करायची, शटर बी वर (बटण दाबून धरलं तोवर) उघडं ठेवायचं आणि फ्लॅशचं टेस्ट बटण हाताने दाबायचं. दुसरी युक्ती आणखी साधी, फ्लॅश सुरुवातीलाच ठेवून माणसाला उलटं चालवायचं. हात किंवा कपड्याच्या हालचालीत ती पूर्ण खपते. पावलं दिसत असतील तर टाच आधी टेकायच्या जागी चवडा आधी टेकतो आणि जाणकार नजरेला खटकतं.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅमेऱ्याचं आणि फ्लॅशचं इलेक्ट्रॉनिक्स एकमेकांशी बोलू लागलं आणि दुसऱ्या पडद्याचं सिंक सर्रास मिळू लागलं. इथून शब्दांचा गुंता सुरू होतो. 'रिअर' आणि 'सेकंड कर्टन' एकच. यातला 'सेकंड' जास्त बरोबर आहे, कारण दोन्ही पडदे एकाच दिशेने धावतात, त्यात पुढचा-मागचा असं काही नसतं. एक आधी सुटतो, दुसरा नंतर. मराठीत 'मागचा पडदा' म्हटलं, की स्टुडिओतला मदतनीस पार्श्वभूमीच्या कापडाकडे वळतो, म्हणून 'दुसरा पडदा' म्हणणंच सोयीचं. 'स्लो सिंक' ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे. ऑटो मोडमध्ये फ्लॅश लावला की कॅमेरा शटर साधारण १/६० च्या खाली जाऊ देत नाही. स्लो सिंक ती अडवणूक काढतं, फ्लॅशच्या वेळेला हातही लावत नाही. मॅन्युअल मोडमध्ये शटर तुम्हीच ठरवता, तिथे स्लो सिंकचा उपयोग शून्य. काही बॉडींमध्ये (कॅमेऱ्यांमध्ये) हे दोन्ही एकाच पर्यायात जोडलेले असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्याही मनात ते एकजीव झालेले असतात. भिंगात बसवलेल्या लीफ शटरमध्ये तर पडदेच नसतात, पाकळ्या असतात. पण शब्द तिथेही चिकटला.

अर्धं उत्तर म्हणण्याचं कारण असं. ओपन फ्लॅशमध्ये क्षण निवडता येत असे. रिअर सिंकमध्ये फ्लॅश शेवटीच पडतो आणि तो शेवट घड्याळ ठरवतं. एक सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये उडीचा कळस फ्लॅशला सापडावा यासाठी बटण एक सेकंद आधी दाबावं लागतं. नर्तकीबरोबर मोजून सराव केला तर दहातले तीन-चार बरे निघतात, सराव नसेल तर बहुतेक वेळा फ्लॅश जमिनीवर उतरल्यावर पडतो. टीटीएल (कॅमेऱ्याने भिंगातून मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं) चालू असेल, तर मापासाठीचा प्री-फ्लॅश सुरुवातीलाच चमकतो आणि समोरचा माणूस फोटो झाला समजून सैल पडतो. ऑप्टिकल स्लेव्हवरचे, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशची चमक पाहून सुटणारे, दिवेही त्याच प्री-फ्लॅशला फसून आधीच सुटतात. म्हणून टीटीएल बंद, फ्लॅश मॅन्युअलवर. आणखी एक खोच म्हणजे, काही बॉडींमध्ये रिअर सिंकचा पर्याय त्याच कंपनीचा फ्लॅश ओळखला तरच उघडतो. साधा रेडिओ ट्रिगर (फ्लॅशला बिनतारी इशारा देणारं यंत्र) हॉट-शूच्या, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेच्या, फक्त मधल्या पिनेवर चालतो, त्यामुळे मेनूत काहीही निवडलं तरी स्टुडिओ फ्लॅश सुरुवातीलाच पडतो. इतर काही बॉडी मधल्या पिनेलाच उशिरा इशारा देतात, तिथे कोणताही ट्रिगर चालतो. तपासायला दोन सेकंदांचं शटर लावा आणि डोळ्यांनी पाहा. पुस्तिका उघडायची गरज नाही.

रिअर सिंक सोपं वाटू लागल्यापासून सगळं लक्ष फ्लॅशच्या वेळेकडे गेलं. फसलेले फोटो मात्र बहुधा साध्या दिव्याच्या मापात फसतात. हात साधारण १० सेंटिमीटर रुंद धरा आणि तो एका सेकंदात १ मीटर फिरला असं समजा. वाटेतल्या कोणत्याही जागेवर तो सेकंदाचा दहावा भागच असतो, म्हणजे माग स्थिर मापापेक्षा (हात न हलता येणाऱ्या मापापेक्षा) सव्वातीन स्टॉपहून थोडा जास्तच अंधारा; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. माग फ्लॅशपेक्षा एकच स्टॉप खाली हवा असेल, तर साधा दिवा स्थिर मापात फ्लॅशच्या सुमारे सव्वादोन स्टॉप वर ठेवावा लागेल. तो चेहऱ्यावर पडला, तर न हललेला चेहरा जळून जाईल. म्हणून हा दिवा बाजूने, ग्रिड (प्रकाश पसरू न देणारी जाळी) लावून, काळ्या फ्लॅगने (आडोशाच्या फळीने) चेहऱ्यापासून तोडून फक्त हात फिरणार तिथेच पाडायचा. क्रम असा ठेवा: आयएसओ १००, शटर १ सेकंद, आधी फक्त फ्लॅश मोजून एफ/११ वर आणा, मग फ्लॅश बंद करून फक्त साधा दिवा लावा आणि प्रत्यक्ष हालचालीचा फोटो घेऊन माग पाहा, शेवटी दोन्ही एकत्र. शटर लांबवून माग उजळेल ही समजूत चुकीची आहे. हालचालीचा वेग तोच राहिला, तर माग फक्त लांब होतो. तो उजळतो अ‍ॅपर्चर, आयएसओ किंवा दिव्याच्या ताकदीने.

साधा दिवा म्हणून फ्लॅशहेडमधला हॅलोजन मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशचा प्रकाश कसा पडेल हे आधी दाखवणारा सतत पेटता दिवा) वापरायची पद्धत फिल्मच्या काळापासूनची. त्याचा रंग ३००० ते ३२०० केल्विन आणि फ्लॅशचा सुमारे ५५००, म्हणून माग केशरी येतो. तो तसा नको असेल, तर फ्लॅशवर पूर्ण सीटीओ जेल (प्रकाश केशरी करणारा पारदर्शक कागद) लावून व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर. इथे एक कळ लपलेली आहे: बऱ्याच हेडमध्ये फ्लॅश पडला की पुन्हा चार्ज होईपर्यंत मॉडेलिंग लॅम्प विझवायची सोय चालू असते. सिंक पहिल्या पडद्यावर असेल, तर फ्लॅशनंतर लॅम्पच नसतो आणि माग अर्धवट तुटतो किंवा उमटतच नाही. ती कळ बंद करून ठेवा. रंगीत फिल्मवर सेकंदापुढे संवेदनशीलता घसरायची आणि रंगही सरकायचे, त्यामुळे इन्स्टंट फिल्मवर चाचणी घेतल्याशिवाय कुणी पुढे जात नसे. सेन्सरने ती कटकट संपवली.

सेन्सरने पडदेही हळूहळू संपवले. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनमध्ये पहिला पडदा यांत्रिक नसतोच आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या फुल-फ्रेम ग्लोबल शटर (सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचणाऱ्या) कॅमेऱ्यात दोन्ही पडदे गेले.

मॉडेलिंग लॅम्पच्या जागी एलईडी आला तेव्हा मात्र नवीन प्रकार दिसू लागला. हॅलोजनची तार तापलेली राहते, म्हणून माग गुळगुळीत येतो. बरेच एलईडी झपाट्याने चालू-बंद होऊन मंद होतात. उघडा एलईडी हातात धरून फिरवला, की रेघ तुटक येते. सेकंदाला १०० लुकलुकी आणि हात सेकंदाला २ मीटर, तर दर २ सेंटिमीटरला एक तुकडा. पण एलईडी जितक्या झटक्यात पेटतो तितक्याच झटक्यात विझतो, म्हणून तुकड्याची दोन्ही टोकं सारखीच बोथट. वेग मोजता येतो, दिशा कळत नाही. तुटक रेघ नको असेल, तर एलईडी पूर्ण क्षमतेवर ठेवून प्रकाश एनडी जेलने (रंग न बदलता उजेड कमी करणाऱ्या राखाडी जेलने) किंवा अंतराने कमी करा. आणि दिशा दिसायला हवी असेल, तर तार असलेला छोटा टॉर्चचा बल्ब हाताला बांधून त्याचा प्रवाह ठरावीक अंतराने तोडा.